आवाजाआधी पोहोचणारी विमाने

द्राक्षबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ओझरचा विमान कारखाना १९६४ पासूनचा, आणि मिग-२१, मिग-२७ व सुखोई-३० ही सगळी विमाने तिथे बांधली गेली, त्यामुळे लढाऊ विमान दिसणे ही आमच्या भागात नवलाची गोष्ट नाही. उंचावर दोन ठिपके गिरक्या घेत असतात, त्यांची घरघर मागाहून येते आणि कोणी हातातले काम थांबवत नाही. पण एखादे विमान खाली उतरून, कसलीही चाहूल न देता थेट डोक्यावरून गेले, तर मात्र जाणत्या माणसाच्याही काळजाचा ठोका चुकतो. त्या अनुभवाविषयी बोलण्यासाठी हा धागा काढला आहे.

खरड छाटणीनंतरचे दिवस होते. बाया ओळीओळीने जादा फुटी काढत होत्या आणि मी दोन ओळींमधून ठिबकच्या नळ्या तपासत चाललो होतो. ऊन डोक्यावर आले होते. बागेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पानांवरून एक सावली सर्रकन गेली. ढगाची सावली एवढ्या वेगाने जात नाही, एवढे मनात येते न येते तोच आवाज अंगावर कोसळला. कानांनी ऐकण्याआधी तो छातीत जाणवला. बाया जागच्या जागी खाली बसल्या, एकीच्या हातातली कात्री गळून पडली. बांधावरच्या कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत एकीचे तान्हे बाळ झोपले होते. ते जागे झाले, त्याचे तोंड रडण्यासाठी उघडले, पण बराच वेळ त्यातून आवाजच फुटला नाही. विमान केव्हाच दिसेनासे झाले होते आणि शेडचे पत्रे अजून थरथरत होते.

ते विमान कोणाचे, कुठून आले, याची चौकशी मला येथे करायची नाही. ४ जून २०२४ रोजी आमच्याच तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात सुखोई-३० कोसळले. दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले, हे फार मोठे भाग्य म्हणायचे. परंतु तेव्हापासून विमान खाली दिसले की बाया वर पाहून एकमेकींना विचारतात, "उतरतंय का पडतंय?" या प्रश्नामागची भीती खरी आहे, आणि ती बोलून दाखवली म्हणजे सैन्याचा अनादर होतो, असे मला वाटत नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की एवढा प्रचंड आवाज करणारी वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत ऐकू का येत नाही? इतरांना असे अनुभव आले आहेत का? आणि अशा उड्डाणांच्या दिवसांची थोडी पूर्वसूचना गावांना देणे शक्य आहे का?

माळरान

द्राक्षबाग, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकडे मांडले की स्पष्ट होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कमी उंचीवरून जाणारे लढाऊ विमान साधारण ४५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. सेकंदाला २३० मीटर झाले. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. विमान तुमच्यापासून दोन किलोमीटरवर असताना त्यातून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला पावणेसहा सेकंद लागतात, आणि विमान स्वतः ८.७ सेकंदांत डोक्यावर येते. म्हणजे तो आवाज ऐकून तुम्ही मान वळवता, तेव्हा विमान दोन किलोमीटरवर नसतेच. ते सातशे मीटरवर आलेले असते आणि तुमच्या हाती तीन सेकंद उरलेले असतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर विमानाने पावणेनऊ सेकंदांच्या वाटेत केलेला सगळा आवाज तुमच्या कानांवर जेमतेम तीन सेकंदांत येऊन आदळतो. विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या जितका जवळ, तितका हा अवधी कमी होत जातो.

हे तीन सेकंदही बहुधा मिळत नाहीत. जेट इंजिनाचा सर्वांत मोठा आवाज मागच्या तप्त झोतामुळे होतो आणि तो तिरका मागच्या दिशेने फेकला जातो. समोरच्या माणसाकडे येतो तो इंजिनाच्या पात्यांचा, तुलनेने बारीक सूर. शिवाय विमान जमिनीच्या जवळ असल्याने हा सूरही झाडे, टेकाडे, घरे यांच्यामुळे अडतो आणि जमिनीलगतच्या हवेत विरतो. तुमच्या बागेत एखाद्या ओळीत फवारणीचा ब्लोअर चालू असेल, तर तो ऐकू येण्याची शक्यताच नाही. मग विमान डोक्यावरून पुढे सरकते आणि मागचा झोत तुमच्याकडे उघडा पडतो. अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलने वाढतो, या साध्या नियमानेही दोन किलोमीटरवरून शंभर मीटरवर येईपर्यंत २६ डेसिबलची वाढ होते, आणि त्यावर या झोताच्या आवाजाची भर पडते. म्हणूनच आवाज 'वाढत गेला' असे कोणी सांगत नाही, 'कोसळला' असेच सगळे सांगतात.

सावली आधी दिसली हेही बरोबर आहे. सूर्य माथ्यावर असताना विमानाची सावली त्याच्या बरोबर खाली, त्याच्याच वेगाने धावते. विमान तीनशे मीटर उंचीवर असेल तर त्याचा आवाज खाली यायला सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात विमान दोनशे मीटर पुढे गेलेले असते. आपण आवाजाच्या दिशेने पाहतो आणि तिथे आकाश रिकामे असते. 'आवाज आला पण विमान दिसलेच नाही' असे सांगणारी माणसे खरेच सांगत असतात.

आता दचकण्याविषयी. इतक्या झटकन वाढणाऱ्या आवाजाला शरीर जी प्रतिक्रिया देते, ती विचारांतून येत नाही. ती मस्तिष्कस्तंभातून येते. सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पापण्या मिटतात आणि पाठोपाठ मान आत जाते, खांदे वर येतात, गुडघे वाकतात. हा काय प्रकार आहे, हे कळण्यापूर्वीच शरीर खाली बसलेले असते. त्या बाया खाली बसल्या यात भित्रेपणाचा संबंध नाही. एखादा वैमानिक तुमच्या बागेत उभा असता आणि त्याला विमान येणार हे ठाऊक नसते, तर तोही दचकला असता.

धानोरी

पुण्यातल्या लोहगावचा विमानतळ १९३९चा, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला. सुखोई-३० एमकेआय हे विमान हवाई दलात २००२ साली प्रथम याच तळावर दाखल झाले. आमची सोसायटी धावपट्टीपासून फार लांब नाही, त्यामुळे आम्ही हा आवाज रोजच्या जगण्यात सामावून घेतला आहे. फोनवर बोलताना वाक्य अर्धे सोडायचे, विमान जाऊ द्यायचे, पुढच्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचे. सुखोई बहुधा एकटे उडत नाही. पहिल्यामागून दुसरे येतेच, म्हणून पहिले गेल्यावरही आम्ही बोलायला लागत नाही. बाहेरगावचे पाहुणे नेमके तेव्हाच बोलायला सुरुवात करतात आणि दुसऱ्या विमानाच्या वेळी त्यांच्या हातातला चहा हिंदकळतो.

मला यातून असे दिसते की आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचे अवचित येणे जास्त त्रास देते. उड्डाणाचा आवाज आमच्याकडे प्रचंड असतो, परंतु तो धावपट्टीच्या दिशेने चढत चढत येतो आणि कोणत्या बाजूने जाणार हे ठरलेले असते. तरीही आमची सवय पूर्ण निर्धास्तपणाची नाही. डिसेंबर २०११ मध्ये वाडेबोल्हाईजवळ आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये थेऊरजवळ सुखोई पडली होती. दोन्ही वेळी वैमानिक वाचले.

कुळागर

मी चिखलीचा, गोव्यात वास्कोजवळचा. दाबोळीच्या नौदल तळाभोवती वाढलेल्या आमच्या पिढीने लढाऊ विमानांचे दोन अगदी निराळे आवाज ऐकले आहेत. १९८३च्या डिसेंबरात सी हॅरियर आले आणि मे २०१६ मध्ये ते निवृत्त झाले. हॅरियर हवेत एका जागी उभे राहू शकत असे. ते धावपट्टीवर तसे थांबले की आवाज कानात शिरून तिथेच राही, दात आवळले जात, घरातली भांडी एका सुरात वाजू लागत. पण त्याने कोणाला दचकवले नाही. ते आहे, थांबले आहे, दिसते आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे.

मिग-२९के आले आणि दचकणे काय असते ते आम्हाला कळले. हे विमान समुद्राकडून येते तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला लाटांच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ते मुळीच ऐकू येत नाही. बोगमाळोच्या किनाऱ्यावर पाण्यात गुडघाभर उभे असलेले लोक एकाच क्षणी डोके खाली घालताना मी पाहिले आहेत. काही क्षणांनी तीच माणसे हसू लागतात, मोबाइल शोधू लागतात, आणि लहान मुले मात्र कडेवरून खाली उतरायला तयार नसतात.

१६ नोव्हेंबर २०१९चा दिवस आम्ही विसरलेलो नाही. दाबोळीहून उडालेल्या प्रशिक्षण मिगला पक्ष्यांचा थवा धडकला, डावे इंजिन बंद पडले आणि उजव्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवले आणि मगच बाहेर उड्या घेतल्या. ते वेर्णेच्या पठारावर पडले. कमी उंचीवर वैमानिकाच्या हाती विचार करायला किती थोडा वेळ असतो, हे त्या दिवशी आम्हाला कळले. म्हणून विमान खाली आले की माझ्या मनात खालच्या माणसांइतकीच आत बसलेल्यांचीही काळजी येते.

दरीकाठ

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे ब्रिटनमध्ये राहतो. इथे हा विषय उघडपणे बोलला जातो, म्हणून तपशिलाने लिहितो.

ब्रिटनमध्ये दोन हजार फुटांखाली उडणारे लष्करी विमान 'कमी उंचीवरचे' समजले जाते. वेगवान जेटना सर्वसाधारणपणे २५० फुटांपर्यंत खाली येण्याची मुभा आहे, आणि मध्य वेल्स, उत्तर स्कॉटलंड व स्कॉटलंड-इंग्लंड सीमेवरचा प्रदेश या तीन भागांत ठरावीक वेळी १०० फुटांपर्यंत. या तीन भागांतल्या सरावाचे वेळापत्रक संरक्षण खाते आधी प्रसिद्ध करते. विमानाचा नेमका मार्ग त्यात नसतो. कोणत्या भागात, कोणत्या दिवशी, किती ते किती, एवढेच असते.

वेल्समध्ये डोल्गेलाय आणि मखन्लेथ या गावांमधल्या दऱ्यांच्या वळशाला 'मॅक लूप' म्हणतात. काडर इड्रिस डोंगराच्या उतारावर बसले की विमाने तुमच्या खालून जातात. तिथे जमलेल्या छायाचित्रकारांपैकी कोणाला तरी दरीच्या तोंडाशी काळा ठिपका दिसतो, तो ओरडतो, आणि सगळे कॅमेरे एका दिशेला वळतात. दोन-तीन श्वासांत विमान समोर असते. दमट हवेत ते तिरके वळले की पंखांवर पांढरी वाफ धरते. वैमानिकाचे शिरस्त्राण, त्याची आमच्याकडे वळलेली काच, पंखांखालच्या पत्र्यावरचे रिव्हेट, सगळे क्षणभर स्वच्छ दिसते आणि मग आवाज दरीच्या दोन्ही बाजूंवर आपटत निघून जातो. शेजारी चरणाऱ्या मेंढ्या मान वर करत नाहीत. मला तिथे भीती कधीच वाटली नाही. उलट डोळ्यांत पाणी आले, इतके ते सुंदर होते.

परंतु तसेच विमान लेक डिस्ट्रिक्टमध्ये माझ्या पाठीमागून आले, तेव्हा मी एकटा होतो. पायवाट अरुंद होती, एका बाजूला उतार होता, आणि विमानाचा विचारही मनात नव्हता. मी दगडावर आपटलो, तळहात सोलले, आणि उठून उभे राहण्याआधी बराच वेळ हृदयाची धडधड ऐकत बसलो. विमान तसेच, उंची तशीच, आवाज तसाच. फरक एवढाच की मॅक लूपमध्ये मी वाट पाहत होतो. धानोरी यांनी जे लिहिले, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे.

पाहणाऱ्यांच्या हौसेलाही मर्यादा असावी लागते. अमेरिकेत डेथ व्हॅलीमधील एका अरुंद घळीवर लोक असेच विमाने पाहायला जमत. ३१ जुलै २०१९ रोजी तिथे नौदलाचे एफ/ए-१८ कड्यावर आदळले. वैमानिक मृत्युमुखी पडला आणि वर उभे असलेले सात पर्यटक जखमी झाले. त्यानंतर तिथे किमान उंची वाढवण्यात आली.

सैनिककन्या

माझे वडील हवाई दलात जमिनीवरच्या देखभाल पथकात होते, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते. विमाने कोणाला घाबरवण्यासाठी खाली येत नाहीत.

रडार सरळ रेषेत पाहते आणि पृथ्वी गोल आहे. वीस मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला दहा किलोमीटर उंचीवरचे विमान सुमारे ४३० किलोमीटरवरून दिसू शकते. तेच विमान ७५ मीटरवर उतरले, तर ते ५४ किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसते. माळरान यांनी दिलेल्या वेगाने हिशेब केला, तर पहिल्या प्रसंगी शत्रूला अर्धा तास मिळतो आणि दुसऱ्या प्रसंगी चार मिनिटेही मिळत नाहीत. जग्वार हे विमान आपण १९७९ साली याच कामासाठी घेतले. असे उड्डाण पुस्तकातून शिकता येत नाही. विजेच्या तारा, मोबाइलचे मनोरे, घारी, डोळ्यांवर येणारे ऊन, हे सगळे सेकंदाला २३० मीटर वेगाने अंगावर येत असताना नजर आणि हात तयार व्हावे लागतात, आणि ती तयारी शांततेच्या काळातच करावी लागते.

द्राक्षबाग, तुमच्या बागेतल्या बाळाचे वाचून वाईट वाटले. तरीही पूर्वसूचनेची मागणी मला धोक्याची वाटते. कोणते विमान कधी, कुठे उडणार हे जाहीर करणे देशाच्या हिताचे नाही.

माळरान

सैनिककन्या यांचे गणित अचूक आहे. एक भर घालतो. कमी उंचीचे महत्त्व काळानुसार कमी-जास्त झाले आहे. १९९१च्या आखाती युद्धात ब्रिटनच्या टोर्नेडो विमानांनी इराकी धावपट्ट्यांवर अगदी खालून हल्ले केले, काही विमाने गमावली, आणि मग उंचावरून हल्ले सुरू झाले. विमानांत बसवलेली रडार वरून खाली पाहतात, त्यांच्यापासून केवळ उंची कमी करून लपता येत नाही. असे असूनही २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात दोन्ही बाजूंची विमाने क्षेपणास्त्रांच्या धाकाने पुन्हा झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आली. तेव्हा हा सराव कालबाह्य झाला, असे म्हणता येणार नाही.

मांजराकाठ

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेलगत. बीदरच्या तळावर २००८ पासून हॉक विमानांवर नव्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि सूर्यकिरण हे कवायती पथकही तिथलेच. मी शाळेत शिकवतो. विमानांची जोडी आली की वर्ग खिडकीकडे धावतो आणि मी अडवत नाही, कारण आमच्या शाळेतल्या एका मुलीने वैमानिक व्हायचे ठरवले ते त्या खिडकीतच.

जनावरांचे मात्र तसे नाही. आमची जुनी म्हैस विमान गेले तरी रवंथ थांबवत नाही. बाजारातून नवी आणलेली म्हैस पहिल्याच दिवशी बिथरली, दावे तोडून उसात शिरली आणि संध्याकाळी दूध चोरले. पाच-सहा दिवस ती धारेला नीट उभी राहिली नाही. दुधावर घर चालणाऱ्या माणसाला हे नुकसान लहान नसते, पण ते कोणाकडे मांडायचे हेच ठाऊक नसते. एका कार्यालयात विचारले तेव्हा दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगण्यात आले, आणि तिथून पुन्हा पहिल्याचे.

माळरान यांना एक विचारायचे आहे. कधी कधी आकाशात काहीही नसताना सुरुंग उडाल्यासारखा एकच मोठा आवाज होतो आणि खिडक्यांची तावदाने हादरतात. तोही खालून जाणाऱ्या विमानाचाच असतो का?

माळरान

नाही, बहुतेक वेळा तो प्रकार बरोबर उलटा असतो. खालून जाणारी विमाने आवाजापेक्षा कमी वेगाने जातात, त्यांचा गडगडाट काही सेकंद टिकतो. तुम्ही सांगता तो धमाका आवाजापेक्षा अधिक वेगाने, बहुधा फार उंचावरून, जाणाऱ्या विमानाचा असावा. त्याच्या नाकापाशी आणि शेपटीपाशी हवेचा दाब एकदम बदलतो. हा बदल शंकूच्या आकारात पसरत जमिनीपर्यंत येतो, म्हणून नीट लक्ष दिले तर पाठोपाठ दोन ठोके ऐकू येतात. विमान जिथे 'आवाजाची भिंत' ओलांडते तिथेच धमाका होतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो त्या वेगाने चाललेल्या संपूर्ण वाटेवर खाली उमटत जातो. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असेल तर सुमारे पन्नास-साठ किलोमीटर रुंद पट्ट्यात तो ऐकू येऊ शकतो. आणि तो तुमच्यापर्यंत येईतो विमान दहा-बारा किलोमीटर पुढे निघून गेलेले असते, म्हणून आकाशात काही दिसत नाही.

२० मे २०२० रोजी बंगळूरूत असा आवाज झाला. टाळेबंदीचे दिवस, शहर शांत, त्यामुळे तो सगळीकडे ऐकू आला आणि लोक भूकंपापासून स्फोटापर्यंत नाना तर्क करू लागले. त्याच दिवशी संध्याकाळी खुलासा आला की हवाई दलाच्या चाचणी विमानाने शहराबाहेर ठरवून दिलेल्या क्षेत्रात उड्डाण केले होते आणि ३६ ते ४० हजार फुटांच्या दरम्यान ते आवाजापेक्षा अधिक वेगावरून कमी वेगावर आले, तेव्हाचा तो आवाज असावा. खुलासा आल्याबरोबर घबराट ओसरली. तोच सकाळी दिला असता, तर घबराट पसरलीच नसती.

वाचनमात्र

एरवी मी फक्त वाचतो, पण हा विषय पाहून राहवले नाही. खालच्या लोकांचे म्हणणे ऐकले गेले नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे या चर्चेत असावीत असे वाटते.

३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीत काव्हालेझेजवळ अमेरिकी मरीन दलाच्या प्राउलर विमानाने दरीतून जाताना बर्फावर घसरायला आलेल्या लोकांच्या पाळण्याची तार तोडली. पाळणा खाली कोसळला आणि त्यातली वीसही माणसे गेली. विमानाला ठरवून दिलेली किमान उंची त्या तारेच्या कितीतरी वर होती. त्या दरीतले लोक खाली येणाऱ्या विमानांबद्दल आधीपासून तक्रारी करत होते.

दुसरे कॅनडातल्या लाब्राडोरचे. तिथे गूस बे या तळावरून १९८०च्या दशकात युरोपीय देशांची विमाने शंभर फुटांपर्यंत खाली येऊन सराव करत, कारण नकाशावर तो प्रदेश रिकामा दिसत असे. तो रिकामा नव्हता. इन्नू लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबू ठोकून शिकार करत आले होते. तंबूत मुले आहेत आणि माथ्यावरून विमान जाते, तेव्हा मुले जंगलात पळतात, पाण्यातल्या होडीत उभी राहतात, असे त्यांच्या बायका सांगत. कोणी ऐकेना, तेव्हा १९८८ साली ते धावपट्टीवर जाऊन बसले. अनेकांना अटक झाली. १९८९च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश जेम्स इग्लोलिओर्ट यांनी त्यांपैकी चौघांना निर्दोष सोडले. ही भूमी आपली आहे, असा त्या लोकांचा प्रामाणिक विश्वास होता, हे त्यांनी मान्य केले.

जर्मनीने मात्र वेळीच ऐकले. शीतयुद्धाच्या काळात तिथे काही भागांत ७५ मीटरवरून उड्डाणे होत. लोकांचा विरोध वाढत गेला आणि १९९० मध्ये किमान उंची ३०० मीटर करण्यात आली. त्यामुळे जर्मनीचे हवाई दल दुबळे झाले, असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

सैनिककन्या

दरीकाठ यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला. भाग आणि वेळ सांगायची, मार्ग आणि विमान सांगायचे नाही, असा फरक करता येतो हे माझ्या लक्षात आले नव्हते. तोफांच्या सरावाच्या आधी गोळीबार क्षेत्राभोवतीच्या गावांना तारखा कळवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. अमुक दिवशी अमुक हद्दीत जाऊ नये अशी जाहीर सूचना निघते आणि त्यामुळे कोणतेही गुपित फुटत नाही. नेहमीच्या प्रशिक्षण उड्डाणांसाठी, जिथे प्रत्यक्ष मोहिमेचा संबंध नाही, तसेच काही करता येईल. मात्र हवामान, विमानाची दुरुस्ती, आयत्या वेळचे बदल यांमुळे वेळा चुकतील, आणि त्या चुकल्या म्हणून कोणी ओरड करू नये. सीमेवर तणाव असेल तेव्हा सूचना मिळणार नाही, हेही गावाने मान्य केले पाहिजे.

कुळागर

सहमत. आणि पक्ष्यांच्या बाबतीत गावांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. धावपट्टीच्या आसपास उघड्यावर टाकलेला कचरा आणि मांसाचे अवशेष घारींना बोलावतात. पूर्वसूचना मागणाऱ्या पंचायतीने त्याच अर्जात कचऱ्याचा बंदोबस्त लिहून द्यावा, म्हणजे बोलणे दोन्ही बाजूंनी होईल.

द्राक्षबाग (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माळरान यांचे तीन सेकंदांचे गणित मी बागेतल्या बायांना खडूने शेडच्या भिंतीवर काढून दाखवले. त्यांच्यातल्या एकीने लगेच विचारले, "मग सावली दिसली की कान झाकायचे, असंच ना?" ऊन असेल तेव्हा एवढा उपाय खरोखर उपयोगाचा आहे, आणि तो मला सुचला नव्हता.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचे ठरवले आहे. सैनिककन्या यांनी सुचवल्याप्रमाणे त्यात फक्त भाग आणि वेळेची विनंती असेल, मार्गाची नाही, आणि कुळागर यांच्या म्हणण्याप्रमाणे गावाबाहेरच्या कचऱ्याची जबाबदारी आम्ही घेऊ. जनावरांचे किंवा माणसांचे नुकसान झाल्यास कोणाकडे जायचे, याचे एकच ठिकाण ठरवून द्यावे, हे मांजराकाठ यांच्या अनुभवावरून घातले आहे. मसुदा मराठीत तयार झाला की इथेच टाकतो. भाषेत कुठे तक्रारीचा सूर चढला असेल तर सैनिककन्या यांनी तो खाली आणावा, आणि आकड्यांत चूक असेल तर माळरान यांनी दुरुस्त करावी. ग्रामसभा ऑक्टोबर छाटणीच्या आधी आहे, तेव्हा चार-पाच दिवसांत सूचना आल्या तर बरे होईल.